अल्पायुषी ग्रंथकार आणि आपला शोक

अकालीं मृत्यु पावलेल्या ग्रंथकाराविषयीं लिहावयास बसलें म्हणजे लेखणी आपोआप ठराविक वळणें घेऊं लागते. कळी उमलण्यापूर्वींच खुडली गेली, उजाडतें न उजाडतें तोंच सूर्य मावळला, काळानें डाव साधला, सरस्वतीच्या कंठांतील रत्न हरपलें. अशीं वाक्यें दुःखाच्या प्रसंगीं कोणालाही सुचतात आणि कोणाच्याही बाबतींत चालतात. तीं खोटीं असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जीं वाक्यें सर्वांस सारखींच लागू पडतात तीं त्या गेलेल्या माणसाविषयीं कांहींच सांगत नाहींत, आणि ज्याच्यासाठीं आपण रडलों तो नेमका कोण होता हें रडून झाल्यावरही आपणांस ठाऊक नसतें.

हा विचार मनांत येण्यास एक निमित्त घडलें. आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेला एक तरुण गेल्या पावसाळ्यांत वयाच्या चोविसाव्या वर्षीं वारला. बी. ए.च्या वर्गांत तो दोन वर्षें आमच्यासमोर बसत असे. निबंध लिहिण्याची त्यास चांगली हातोटी होती, आणि दोन-तीन नियतकालिकांतून त्याचे लेख प्रसिद्धही झाले होते. दिवाळीच्या सुमारास त्याचे मित्र त्याच्या पांच वह्या घेऊन आमच्याकडे आले. लेखसंग्रह काढावयाचा आणि त्यास प्रस्तावना आम्हीं लिहावयाची, असा त्यांचा बेत होता. वह्या ठेवून घेतल्या. लिहावयास बसलों, आणि पहिल्याच वाक्यांत ती कळी खुडली गेली! तें पान फाडून टाकिलें, आणि प्रस्तावना लिहिण्यापूर्वीं असल्या शोकाचा आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत काय अनुभव आहे तो एकदां पाहावा असें ठरविलें. पुढील विवेचन त्यांतून निघालें आहे.

हा अनुभव महाराष्ट्रास थोडाथोडका नाहीं. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर १८१२ सालीं जन्मले व १८४६ सालीं निवर्तले, म्हणजे मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारा पुरुष अवघीं ३४ वर्षें जगला. आगरकरांस (१८५६–१८९५) चाळिशी दिसली नाहीं. केशवसुत १९०५ सालीं हुबळीस प्लेगानें गेले, तेही चाळिशीच्या आंतच. कवि दत्त (१८७५–१८९९) तर पंचविशीही गांठूं शकले नाहींत. बालकवि ठोंबरे १९१८ च्या मे महिन्यांत खानदेशांतील भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडले, तेव्हां त्यांस २८ वें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. आणि त्यानंतर वर्षाच्या आंत, १९१९ च्या जानेवारींत, ‘राजसंन्यास’ अपुरें ठेवून गडकरी सावनेरास वारले. ही यादी येथेंच थांबवितों, कारण ती वाढविणें कठीण नाहीं. मराठी घरांत वाङ्मयाचा विषय निघाला कीं, ‘हीं माणसें आणखी वीस वर्षें जगतीं तर!’ असा उद्गार कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघतोच. आम्हीही तो अनेकदां काढिला आहे.

या ‘तर’चा नीट विचार करावयाचा तर एकच उदाहरण घेऊन तें शेवटपर्यंत न्यावें हें बरें. आम्ही विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें घेतों. त्यांचें लेखन सगळें आपल्यासमोर आहे, त्यांच्या मतांविषयींचा वाद अजून मिटलेला नाहीं, आणि त्यांच्या मृत्यूनें आपलें जें नुकसान झालें त्याचा हिशेब आजवर आपण चुकीच्या सदरांत मांडीत आलों आहों असें आम्हांस वाटतें.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म पुण्यास २० मे १८५० रोजीं झाला. वडील कृष्णशास्त्री हे संस्कृतांत पारंगत असून इंग्रजी विद्येंतही रमलेले गृहस्थ. ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ हें त्यांच्या एका ग्रंथाचें नांवच त्यांच्या बुद्धीचा पसारा सांगतें. अशा घरांत वाढलेला मुलगा डेक्कन कॉलेजांतून १८७२ सालीं बी. ए. झाला आणि शिक्षक झाला. वडिलांच्या हातीं असलेल्या ‘शालापत्रक’ मासिकांत त्यानें आधींच लिहावयास आरंभ केला होता. कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु व दंडी यांवरील निबंध त्यांतलेच, जे पुढें ‘संस्कृत कविपंचक’ या नांवानें एकत्र झाले. जॉन्सनच्या ‘रासेलस’चें वडिलांनीं सुरू केलेलें भाषांतर त्यानेंच पुरें केलें. येथवर हें एका हुशार मुलाचें चरित्र आहे. तें असेंच चालतें तर शिक्षणखात्यांतील एक विद्वान अधिकारी म्हणून त्याची अखेर झाली असती.

परंतु १८७४ च्या जानेवारींत ‘निबंधमाले’चा पहिला अंक निघाला, आणि त्यांतील पहिला विषय होता मराठी भाषेची सांप्रतची स्थिति. २३ वर्षांच्या एका शाळामास्तरानें, जवळजवळ एकट्याच्या लेखणीवर, मासिक पुस्तक चालविण्याचा हा उद्योग होता. त्याचे एकंदर ८४ अंक निघाले. भाषापद्धति, इतिहास, विद्वत्त्व आणि कवित्व, वाचन, ग्रंथांवरील टीका, लोकभ्रम, डॉक्टर जॉन्सन, मोरोपंतांची कविता, वक्तृत्व, गर्व. विषयांची ही नुसती ओळ वाचली तरी ध्यानांत येतें कीं, मराठी गद्यास कोणकोणत्या गोष्टी बोलतां याव्या याची जणूं परीक्षाच येथें चालली आहे. संस्कृत टीकाकाराची वाद घालण्याची शिस्त, इंग्रजी निबंधकाराचा उपरोध, आणि पुण्याच्या वाड्यांतल्या ओट्यावरील बोलण्याचा ठसका, या तिहींचें मिश्रण त्यापूर्वीं मराठींत झालें नव्हतें. आज आपण वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतों किंवा व्याख्यान ऐकतों, तेव्हां त्यांतील वाक्याच्या वळणांत त्या ८४ अंकांचा कांहीं ना कांहीं अंश असतोच.

याच वेळीं इतर कामें चालूं होतीं, आणि त्यांची गति पाहून छाती दडपते. १८७८ सालीं वडील वारले. त्याच सालीं काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला व जुन्या बखरी आणि काव्यें उजेडांत येऊं लागलीं. त्याच सुमारास चित्रशाळेची स्थापना झाली, आणि आपल्याकडील देवादिकांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं चित्रें घरोघर भिंतींवर लागलीं. सरकारनें रत्नागिरीस बदली केली. १८७९ सालीं विष्णुशास्त्र्यांनीं नोकरीच सोडली. १८८० च्या जानेवारींत, टिळकांसारख्या २३ वर्षांच्या तरुणास बरोबर घेऊन, न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. १८८१ च्या जानेवारींत ‘मराठा’ व ‘केसरी’ हीं दोन पत्रें निघालीं. आणि १७ मार्च १८८२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, विष्णुशास्त्री वारले. मालेच्या पहिल्या अंकापासून या दिवसापर्यंत मोजलीं तर आठ वर्षें आणि वर कांहीं आठवडे भरतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ सालीं निघाली, फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं. दोन्ही त्यांच्या शाळेंतून उगवलीं, पण त्यांनीं पाहिलीं नाहींत.

आतां तो नेहमींचा उद्गार येतो. आठ वर्षांत एवढें, तर तीस वर्षांत किती? हा त्रैराशिकाचा हिशेब वरवर पाहतां बिनतोड दिसतो. परंतु ग्रंथकाराचें आयुष्य म्हणजे विहिरीची मोट नव्हे, कीं अमुक तासांत अमुक पाणी निघालें तर दुप्पट तासांत दुप्पट निघावें. कित्येकांचें सर्वोत्कृष्ट लेखन प्रारंभींच होऊन जातें व मग ते स्वतःचीच नक्कल करीत बसतात. कित्येकांस चाळिशीपर्यंत आपला सूरच सांपडत नाहीं. न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांची यादी करणें ही करमणूक आहे. तिला शोक म्हणावें हें योग्य नव्हे. जें झालें नाहीं त्यावर आपण आपल्या आवडीचेंच कांहीं तरी लादीत असतों.

मग अकालीं मृत्यूनें नुकसान कसलें होतें? याचें उत्तर आम्हांस विष्णुशास्त्र्यांच्या आवडत्या ग्रंथकाराच्या चरित्रांत सांपडतें. डॉक्टर जॉन्सनवर मालेंत त्यांनीं दीर्घ निबंध लिहिला; त्या जाडजूड, खरमरीत, एककल्ली पंडितावर त्यांचें प्रेम होतें, आणि दोघांच्या स्वभावांत साम्यही थोडें नव्हतें. जॉन्सन १७०९ सालीं जन्मला. तो ज्या वयांत आला असतां विष्णुशास्त्री गेले, त्या वयांत, म्हणजे १७४१ च्या सुमारास, त्यास मृत्यु येता तर? ‘लंडन’ ही १७३८ सालची कविता, एक-दोन भाषांतरें आणि मासिकांतील हमाली, एवढेंच त्याच्या नांवावर राहतें. ‘रँबलर’ नाहीं, १७५५ चा कोश नाहीं, आईच्या मृत्यूच्या दिवसांत कांहीं रात्रींत लिहून काढलेला १७५९ चा ‘रासेलस’ नाहीं, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहिलेलीं कवींचीं चरित्रें तर नाहींतच. त्या ‘रासेलस’वांचून चिपळूणकरांच्या घरीं बापलेकांनीं कशाचें भाषांतर केलें असतें, हा प्रश्न गमतीखातर विचारावयास हरकत नाहीं.

परंतु या तुलनेंतील खरी शिकवण पुस्तकांच्या संख्येंत नाहीं. त्याच वयांत जॉन्सन पोटासाठीं एका मासिकांत पार्लमेंटांतील भाषणें लिहून देत असे. तीं सभासदांनीं केलेलीं भाषणें म्हणून लोक वाचीत. बहुतांशीं तीं जॉन्सनच्या खोलींत जन्मलेलीं असत. लोक तीं खरीं मानतात हें उमगल्यावर त्यानें तें काम सोडलें, आणि आयुष्याच्या अखेरीस, आपल्या सर्व लेखनांपैकीं याच एका गोष्टीची टोंचणी लागते असें त्यानें बोलून दाखविलें. हें बोलावयास त्यास चाळीस वर्षें मिळालीं. ऐन तिशींत जें केलें तें साठी-सत्तरींतल्या डोळ्यांनीं पाहण्याची, त्यावर स्वतःच शेरा मारण्याची सवड त्यास मिळाली. विष्णुशास्त्र्यांस जें मिळालें नाहीं तें हेंच. त्यांनीं काय लिहिलें असतें हें सोडा. जें लिहिलें त्याकडे परतून पाहण्यास त्यांस वेळ मिळाला नाहीं. आमच्या मतें अल्पायुषी ग्रंथकाराची सर्वांत मोठी हानि ती हीच.

हें केवळ तत्त्व म्हणून सांगितलें तर पटेल, पण त्याचा चटका बसणार नाहीं. म्हणून मालेंतील त्या पानांकडे वळतों, ज्यांच्याविषयीं विष्णुशास्त्र्यांचे चाहते गप्प बसतात आणि विरोधक गप्प बसत नाहींत. जोतीराव फुल्यांनीं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि सत्यशोधक समाज स्थापिला तो १८७३ सालीं. ‘निबंधमाला’ निघाली ती पुढच्याच जानेवारींत. एकच पुणें, आणि मध्यें अवघे कांहीं महिने! जोतीरावांनीं मुलींची शाळा घातली तेव्हां, १८४८ सालीं, विष्णुशास्त्र्यांचा जन्मही झाला नव्हता. अशा वडील माणसाच्या लेखनाचा समाचार मालेनें घेतला तो कसा? त्यांतील दुःखाकडे, तक्रारीच्या खरेखोटेपणाकडे फारसें न पाहतां, भाषेच्या व व्याकरणाच्या चुका दाखवून, विद्वत्तेच्या उंचीवरून केलेल्या चेष्टेनें. वाक्यें झोंकदार आहेत; विनोद धारदार आहे. आणि तो वाचून संपल्यावर लक्षांत येतें कीं, ज्याला अक्षरओळख होण्यासाठींच पिढ्यान् पिढ्या दार बंद होतें त्याला, तुझें शुद्धलेखन चुकलें, असें दाराआडून ऐकविलें जात आहे. लोकहितवादींवरील टीकेंतही विवेचन आहे, पण त्याहून रागच जास्त.

कांहीं वर्षांपूर्वीं हीं पानें वर्गांत वाचीत असतां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “सर, हा निबंध आम्हीं कोणत्या बाजूला उभें राहून वाचावयाचा?” तो शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याच्या घराण्यांत महाविद्यालयांत आलेला तो पहिलाच. आम्हीं त्यावेळीं शैली आणि विचार वेगळे करावे अशा अर्थाचें, प्राध्यापकांस सदा उपयोगी पडणारें उत्तर दिलें. तो खालीं बसला. पण त्याचें समाधान झालें नाहीं हें आम्हांस दिसलें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं.

आज तें उत्तर आम्ही असें देऊं. ज्या तिघांचा हा वाद, त्यांतील सर्वांत तरुण मनुष्य सर्वांत आधीं गेला. लोकहितवादींनीं शतपत्रें लिहिलीं तीं १८४८ ते १८५० या काळांत, स्वतःच्या पंचविशींत. आणि ते जगले १८९२ पर्यंत, आपल्या टीकाकाराच्या मागें दहा वर्षें. जोतीरावांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें तें १८८२ सालीं, विष्णुशास्त्री गेल्यावर. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालीं लिहून झाला. शेतकरी कशानें नागवला जातो, सारा, सावकार, पाटबंधारे, अंमलदार, पुरोहित, यांचा त्यांतील हिशेब विष्णुशास्त्र्यांनीं वाचलाच नाहीं. ‘आमच्या देशाची स्थिति’ हा मालेंतील अखेरचा निबंध. परक्या राज्यानें देशाची काय दशा केली हें त्यांत इतक्या निर्भयपणें सांगितलें आहे कीं, पुढें सरकारनें तो जप्त केला आणि १९३७ सालीं त्यावरील बंदी उठली. एकाच देशाच्या दुरवस्थेचीं हीं दोन निदानें, एकाच शहरांत, दोन-तीन वर्षांच्या अंतरानें लिहिलीं गेलीं. आणि दोन्ही लेखकांची गांठ पडण्यापूर्वीं त्यांपैकीं एक निघून गेला. तो जगता तर ‘असूडा’स मान देता असें आम्ही म्हणत नाहीं. कदाचित् आणखी तिखट लिहिता. पण त्यास आपलें मत बदलण्याचा, निदान तें पुन्हां तपासण्याचा जो हक्क आपण प्रत्येक जिवंत माणसास देतों, तो मृत्यूनें हिरावून घेतला, एवढें मात्र निश्चित.

आणि जो हक्क मृत्यूनें घेतला तो परत न देण्याचें काम आपण करीत आलों. चाहत्यांनीं काय केलें? मराठी भाषेचे शिवाजी म्हणून विष्णुशास्त्र्यांची पूजा बांधली आणि बत्तिसाव्या वर्षींचें त्यांचें प्रत्येक वाक्य हेंच जणूं त्यांचें मृत्युपत्र असें मानलें. विरोधकांनीं काय केलें? तेंच वाक्य घेऊन त्यावर कायमचा निकाल दिला. दोघांनींही एक गोष्ट गृहीत धरली कीं, हा मनुष्य विचार करून संपला होता. ज्यास आपण ‘उमलती कळी’ म्हणून रडतों त्याचीं मतें मात्र पिकलेलीं धरून चालतों, ही विसंगति आमच्या ध्यानांत येऊं नये हें आश्चर्य!

विष्णुशास्त्र्यांच्या भोंवतालीं जमलेल्या मंडळींकडे पाहिलें तर ही चूक अधिकच ठळक दिसते. ‘केसरी’च्या संपादकाच्या खुर्चीवर बसले ते आगरकर, आणि ‘मराठ्या’च्या टिळक. एकाच शाळेंत शिकविणारे, एकाच छापखान्यांत प्रुफें तपासणारे हे दोघे समवयस्क पुढें सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर विरुद्ध दिशांस गेले. आगरकरांनीं १८८७ सालीं ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षीं ‘सुधारक’ काढला. टिळक १८९० सालीं सोसायटींतून बाहेर पडले. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यावरून सगळा महाराष्ट्र दुभंगला. हे तीनही प्रसंग विष्णुशास्त्री जगते तर त्यांच्या चाळिशीच्या आसपास येते. ते टिळकांच्या बाजूस उभे राहते असें सर्व जण धरून चालतात, आणि मालेंतील मतें पाहतां तसें म्हणण्यास जागाही आहे. पण ज्या आगरकरांची बुद्धि कोणत्याही रूढीस शरण गेली नाहीं त्यांच्याबरोबर कांहीं काळ एका संस्थेंत काढलेल्या माणसावर त्या सहवासाचा परिणाम काय होत होता, हें पुढचीं दहा वर्षें सांगतीं. तीं वर्षें आलींच नाहींत. ‘निबंधमाले’ची भाषा घेऊनच आगरकर ‘निबंधमाले’च्या कित्येक मतांशीं झुंजले, हा या इतिहासांतील एक विलक्षण योग आहे. गुरूचीं मतें टाकून त्याची लेखणी उचलणें, हाही शोक करण्याचा एक प्रकार असूं शकतो. आणि आमच्या मतें तो हार घालण्याहून मोठा आहे.

येथें शोकाच्या दुसऱ्या, अधिक साध्या प्रकाराकडे वळलें पाहिजे. मागें राहिलेल्यांनीं काय केलें म्हणजे गेलेल्या लेखकाचें ऋण फिटतें? याचींही उदाहरणें आपल्या वाङ्मयांत आहेत. केशवसुत हयात असतां त्यांच्या कवितांचें पुस्तक निघालें नाहीं; त्यांच्या मागें हरि नारायण आपट्यांनीं तें काढलें, आणि मराठी कवितेचा पुढचा रस्ता त्या पुस्तकांतून गेला. कवि दत्त वारले तेव्हां त्यांचा मुलगा विठ्ठल जेमतेम चार वर्षांचा होता. त्याच मुलानें, म्हणजे वि. द. घाटे यांनीं, मोठेपणीं वडिलांची कविता १९२२ सालीं प्रसिद्ध केली. ज्या बापाचा चेहराही नीट आठवत नसेल त्याच्या ओळी मुलानें एकेक करून जमवाव्या, याहून बोलका मृत्युलेख कोणता? विष्णुशास्त्र्यांच्या बाबतींत त्यांचे बंधु लक्ष्मणराव यांनीं चरित्र लिहून तेंच केलें. आणि ‘काव्येतिहाससंग्रह’ साने-मोडकांनीं पुढें नेटानें चालविला. मालेंतील इतिहासाविषयींची तळमळ व या संग्रहाची वाट, दोन्ही पुढें राजवाड्यांपर्यंत पोंचल्या, ज्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनां’चा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. शोकाचें रूपांतर कामांत झालें म्हणजे त्यास शब्दांची फारशी गरज राहत नाहीं.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. अल्पायुषी ग्रंथकाराचे दोन हक्क मागें राहिलेल्यांवर असतात. त्यानें लिहिलेलें जपावें हा पहिला. आणि तें वाचतांना, हा मनुष्य विचार करीत असतां मध्येंच उठून गेला आहे, हें विसरूं नये हा दुसरा. पहिला हक्क आपण कसाबसा पाळतों. दुसरा पाळणें जड जातें, कारण अपुऱ्या माणसावर प्रेम करण्यापेक्षां पुऱ्या मूर्तीची पूजा करणें सोपें. आणि मूर्ति फोडणें तर त्याहूनही सोपें.

आतां त्या पांच वह्यांकडे येतों. चवथ्या वहींत एक लेख होता. एका वृद्ध, आतां हयात नसलेल्या, स्थानिक शिक्षक-कवीच्या कवितेवर त्यानें विद्यार्थीदशेंत केलेली टीका. अत्यंत धारदार. त्या कवीच्या यमकांची, संस्कृत शब्दांच्या चुकांची, भोळ्या उपमांची त्यांत अशी कांहीं थट्टा केली होती कीं, हंसूं आवरूं नये. हा लेख आम्हीं त्यावेळीं सबंध वर्गास वाचून दाखविला होता, आणि ‘असें लिहितां आलें पाहिजे’ असें म्हणालों होतों. मित्रांच्या मतें संग्रहांतील सर्वांत चमकदार लेख हाच, आणि तो पहिला घालावा. परंतु वहींत त्यावर, वरच्या कोंपऱ्यापासून खालच्या कोंपऱ्यापर्यंत, निळ्या शाईची एक तिरपी रेघ ओढलेली होती, आणि समासांत लहान अक्षरांत लिहिलें होतें, कीं त्या गृहस्थांच्या शाळेंत जाऊन आल्यावर हें पुन्हां लिहावयाचें. खालीं तारीख होती. ती त्याच्या मृत्यूच्या सुमारें तीन महिने आधींची.

मित्र म्हणाले, रेघ काय, कोणीही ओढतो. लेख उत्तम आहे. त्याचे वडील तेथेंच बसले होते. ते इतका वेळ कांहीं बोलले नव्हते. ते म्हणाले, “सर, त्यानें स्वतः खोडलेलें आपण कसें छापावयाचें? तें खोडणें हेंच त्याचें शेवटचें लिहिणें.”

यावर आम्हांस उत्तर नव्हतें, आणि तें शोधण्याची आवश्यकताही उरली नाहीं. ज्या लेखाबद्दल आम्हीं त्याची पाठ थोपटली तोच त्यास मागें घ्यावासा वाटला. आम्ही ज्या धारेवर लुब्ध झालों तिच्या पलीकडे तो तीन वर्षांतच गेला होता, आणि त्याच्या गुरूस त्याचा पत्ता नव्हता. लेख संग्रहांत घातलेला नाहीं. प्रस्तावनेंत मात्र एक वाक्य घातलें आहे: अशा विषयावरील एक लेख लेखकानें स्वतः मागें घेतला होता, व तो तो पुन्हां लिहिणार होता. प्रस्तावनेंतील सगळ्यांत खरें वाक्य तेंच असें आम्हांस वाटतें.

विष्णुशास्त्र्यांच्या पानांवर अशी रेघ ओढण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तो त्यांचा एकट्याचा होता, आणि तो वापरण्यापूर्वींच ते गेले. ‘निबंधमाला’ आहे तशीच, शेवटच्या अक्षरापर्यंत, छापली व वाचली गेली पाहिजे. तिच्यांतील तेज कमी लेखूं नये, आणि तिच्यांतील अन्याय झांकूं नये. मागच्या बांकावरील त्या विद्यार्थ्यास आम्ही आतां इतकेंच सांगूं, कीं बाबा, तूं तुझ्याच बाजूला उभा राहून वाच, आणि तुला जें लागतें तें स्पष्ट लिही. मात्र वाचतांना पानाच्या समासाकडेही एकदां पाहा. तो कोरा आहे. आणि तो कोरा राहिला याचें कारण लेखकाजवळ लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें असें नव्हे.